रिकामा आणि शांत ताबा

नाही, मला एवढंच सांगा, मेलेल्या माणसाचा पासवर्ड बदलायचा कुणी? हसू नका. हा प्रश्न मी वकीलबाईंना विचारला, एजंटला विचारला, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला विचारला, आणि तिघांनी शांतपणे एकच उत्तर दिलं, "सोपं आहे, आधी जुना टाका, मग नवा टाका." अहो, जुना ज्यांना माहीत होता ते तर गेले, म्हणून तर मी तुमच्या दारात उभी आहे ना… पण नाही, ऐकणार कोण.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी वेडी वाटणार नाही. आमचे सासरे, अप्पा, गेले. वय झालं होतं, झोपेत गेले, त्याबद्दल तक्रार नाही. मागे राहिलं घर, सासूबाई आणि एक ईमेल. घरात कॉम्प्युटर एकच, बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात, त्याला शिंप्याकडून शिवून घेतलेलं कापडी कव्हर, आणि त्यावर ईमेल एकच, तो अप्पांचा. विजेचं बिल त्यावर, घराचा कर त्यावर, बँक त्यावर. अप्पा जन्मभर गोदामाचे मॅनेजर, त्यामुळे लेखी हुकमाशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी स्वयंपाकघरात, ते बाहेर, मध्ये एक भिंत, आणि मला मेल यायचा, "कुकरचा आवाज कमी करावा." आता कुकरचा आवाज कसा कमी करतात? पण अप्पांनी "करावा" म्हटलं की करावा लागायचाच. मी कुकरवर ओलं फडकं धरून उभी राहिलेली बाई आहे, तुम्हाला काय सांगू.

तर घर विकायचं ठरलं. ठरलं म्हणजे भावजींनी ठरवलं. भावजी म्हणजे माझे मोठे दीर, परदेशात असतात, आणि जे जे इथे येऊन करायचं ते ते न येता कसं होतं हे त्यांना छान माहीत असतं. म्हणाले, "हल्ली सगळं मेलवर होतं, मला यायची गरज नाही." नणंद, आमच्या ताई, दुसऱ्या शहरात. त्या म्हणाल्या, "दादा म्हणेल तसं." आणि आमचा नवरा, घरातलं शेंडेफळ, मोठ्या भावासमोर ह्याच्या तोंडाला कुलूप, पण त्या दिवशी नेमकं उघडलं. म्हणाला, "हिला टायपिंग येतं." झालं! मी कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे पत्ते टाइप करते, आता घरी येऊन घर टाइप करायला लागले.

आईंना विचारलं का, असं तुमच्या मनात आलं असेल. विचारलं की. आई म्हणजे माझ्या सासूबाई. भावजींनी फोनवर विचारलं, "आई, तुझी काही हरकत नाही ना?" आईंनी पदर सावरला, घसा साफ केला, आणि त्या तोंड उघडणार एवढ्यात भावजीच म्हणाले, "नसणारच म्हणा." आणि फोन नवऱ्याकडे द्यायला सांगितला.

एजंट आला. ह्या माणसाला आम्ही घरात 'झालंच-समजा' म्हणतो, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. गिऱ्हाईक? झालंच समजा. कागद? झालंच समजा. त्याने एक दातांचा डॉक्टर आणला, त्याला घर आवडलं, मागची खोली तर फारच आवडली, तिथे तो दात काढायची खुर्ची बसवणार होता. ती मागची खोली म्हणजे आईंची. डॉक्टर खुर्ची कुठे येईल ते पावलांनी मोजत होता आणि आई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, त्याच्या पायात येऊ नये म्हणून.

मग वकीलबाईंनी कराराचा मसुदा पाठवला. आमचं सगळं बिऱ्हाड ज्या कलमावर अडकलं ते तिथलंच. "विक्रेते सदर घराचा रिकामा आणि शांत ताबा खरेदीदारास देतील." रिकामा आणि शांत ताबा. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, काय सुंदर शब्द आहेत, असा ताबा मला माझ्या संसारात एक दिवस तरी मिळेल का?

आता तुम्ही म्हणाल, बाई, नवा ईमेल काढायचा होता. अहो, झालंच-समजा म्हणाला, सगळीकडे हाच पत्ता नोंदलेला आहे, मध्येच बदललात तर व्यवहार लटकेल. म्हणून कॉम्प्युटरवर उघडाच राहिलेल्या अप्पांच्याच मेलवरून मी कामं करायला लागले. वकीलबाईंनी लिहिलं, मूळ मालकाच्या मृत्यूचा दाखला पाठवावा. मी स्कॅन केला, जोडला, लिहिलं, "सोबत मृत्यूचा दाखला पाठवत आहे, पोच द्यावी," आणि दिला धाडून. खाली अप्पांनी घालून ठेवलेली ओळ आपोआप उमटली, "आपला विश्वासू," आणि त्याखाली अप्पांचं संपूर्ण नाव. वर त्यांचा तो गोल फोटो, कुणाच्या तरी लग्नातला, जांभई दाबल्यासारखा. वकीलबाईंचा फोन आला. आवाज एवढासा. "अहो… हा दाखला ज्यांचा आहे, त्यांनीच पाठवलाय का?" मी म्हटलं, "हो, म्हणजे नाही, म्हणजे मी पाठवलाय, पण ते पाठवतायत." त्या म्हणाल्या, "बरं," आणि तेव्हापासून त्यांनी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायला सुरुवात केली.

पुढे एक फॉर्म आला. विक्रेते चार, आई आणि तीन मुलं. प्रत्येकाचा ईमेल द्या, कागद प्रत्येकाला वेगळे जातील, सह्याही मेलवरच होतील. आईंच्या नावापुढे काय लिहू? मी भावजींना विचारलं. ते म्हणाले, "अप्पांचाच लिही, आई कुठे बघणार आहे." ताई म्हणाल्या, "अप्पांचाच लिहा." नवऱ्याने मान हलवली. मी लिहिला. विक्रेता क्रमांक एक, आई, आणि ईमेल अप्पांचा. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं का? तुम्हीच सांगा.

मसुदा असा होता की सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी उघडायचा, कुणीही काही लिहिलं की सगळ्यांना दिसायचं, आणि लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या त्या लुकलुकणाऱ्या रेघेवर झेंड्यासारखं फडकायचं. मी घरून लिहायला बसले, आणि तिकडे ताईंनी आपल्या फोनवर मसुदा उघडला. काय दिसलं त्यांना? निळी रेघ. तिच्यावर 'अप्पा'. आणि अप्पा भराभरा टाइप करतायत! मला फोन आला तो नुसता हुंदक्यांचा. मी म्हटलं, "ताई, मी आहे, मी आहे." त्या म्हणतात, "कळलं हो, पण जरा थांबू नका ना, लिहीत राहा." मग मी उगाच स्वल्पविराम टाकत बसले बराच वेळ. काय करणार, लेक आपल्या वडलांना बघतेय, आपण कसं उठावं.

हे सगळं ठीक होतं. हसण्यावारी गेलं होतं. मग ती दुपार आली.

मी ऑफिसात. जेवणाची सुट्टी, सगळे खाली गेलेले, पंख्याखाली मी एकटी. फोनवर माझ्या मेलवरून मसुदा उघडला, एक पत्ता तपासायचा होता. आणि रेघ दिसली. निळी. 'अप्पा'. आता मला सांगा, घरचा कॉम्प्युटर मी सकाळी माझ्या हाताने बंद करून, वर ते कापडी कव्हर घालून आले होते. नवरा त्याच्या कामावर. मग हा कोण? रेघ हलत नव्हती. त्या कलमापाशी उभी होती, रिकामा आणि शांत ताबा, बरोबर 'शांत'च्या पुढे, आणि लुकलुक, लुकलुक… श्वास घेतल्यासारखी. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. परत सरळ केला. आणि मग अक्षरं यायला लागली. एक अक्षर. थांबणं. दुसरं अक्षर. अप्पा असेच टाइप करायचे हो, एका बोटाने, एकेक अक्षर शोधून. उमटलं काय? "मागची खोली वगळावी."

वगळावी! त्या "वगळावी"ने माझ्या अंगावर काटा आला. आमच्या अख्ख्या खानदानात अशी भाषा एकाच माणसाची.

तासाभरात तिन्ही भावंडांचे फोन. भावजींना तिकडे काय वाजलं होतं कुणास ठाऊक, म्हणाले, "हॅक झालंय. परदेशी टोळी असते." मी म्हटलं, "भावजी, परदेशी टोळीला आपली मागची खोली कशाला हवी?" ताईंचं म्हणणं, अप्पांचा जीव घरात अडकलाय, त्यांच्या मनात विकायचं नाही. नवरा त्या दिवसापासून कॉम्प्युटरसमोरून जाताना भिंतीला चिकटून जायला लागला. झालंच-समजाला कळलं तर तो कुजबुजला, "वहिनी, कुठे बोलू नका, भुताटकीच्या घराला भाव येत नाही. आणि त्यांना म्हणावं, जे काही आहे ते खरेदीच्या आधीच लिहा, नंतर चालणार नाही." म्हणजे ह्या माणसाला अप्पांच्या येण्याबद्दल हरकत नव्हती, वेळेबद्दल होती. आणि पासवर्ड बदलावा म्हणून मी दारोदार फिरले ती ह्याच दिवसांत.

भावजींनी ती ओळ पुसली. दुसऱ्या दुपारी ओळ परत आली. पुसली, आली. आणि दुपारीच बरं का, आमच्या घरचं भूत जेवण झाल्यावर यायचं. मी ऑफिसात पाकिटं मोजायचं सोडून फोनकडे बघत बसायचे, आता येईल, आता येईल… आणि आली नाही तर करमायचं नाही, काय म्हणावं ह्याला.

त्यात भावजींनी आणखी एक कागद काढला. नाव दिलं, 'आईची व्यवस्था'. तीन रंगांचा तक्ता. चार महिने भावजी, चार महिने ताई, चार महिने आम्ही. खाली बारीक अक्षरात, औषधं कुणी भरायची, बॅगा किती, प्रवासात सोबत कोण. नीटनेटकं काम हो, नावं ठेवायला जागा नाही. मी तो उघडला तर निळी रेघ आधीच आत. ह्या वेळी ती काही लिहीत नव्हती. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जात होती, सावकाश. हिरव्यात थांबली. पिवळ्यात थांबली. आमच्या गुलाबी रंगात आली आणि तिथे इतका वेळ उभी राहिली की मला ऑफिसात सगळ्यांदेखत रडू फुटलं, का फुटलं ते मला सांगता येणार नाही. साहेबांना वाटलं पार्सल हरवलं.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आले. म्हटलं, होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष. कुलूप हळूच काढलं. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर कव्हर घालून गप्प. फोन हातात, त्यावर निळी रेघ चालूच. घरात कुठे आवाज नाही, आणि मग ऐकू आलं. टक. थांबणं. टक. मागच्या खोलीतून. दार नुसतं लोटलेलं. मी ढकललं.

पलंगावर आई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर उशी, उशीवर अप्पांचा टॅब. तो भावजींनी पाठवलेला, अप्पांनी "अक्षर बारीक आहे" म्हणून बाजूला ठेवलेला आणि आम्ही सगळे साफ विसरलेला. आईंनी एक बोट उचललं, टक केलं, आणि माझ्या हातातल्या फोनवर अप्पांनी एक अक्षर लिहिलं.

"ये," आई म्हणाल्या, मान वर न करता. "चहा टाकतेस का?"

मी म्हटलं, "आई… तुम्ही?"

"मग कोण असणार? ते येणार आहेत होय आता?"

मी पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, "आई, हे कधीपासून?" तर म्हणाल्या, "हे एकदा टिंग वाजलं. मी उघडलं. त्यात माझं नाव होतं. विक्रेता क्रमांक एक. मला बाई बरं वाटलं. म्हटलं, एक नंबरला घातलंय पोरांनी, आणि खाली लिहिलंय, आपल्या सूचना कळवाव्यात. मला वाटलं, मला विचारायलाच पाठवलंय."

हे असं सरळ म्हणाल्या हो. तक्रारीच्या सुरात सुद्धा नाही.

"मग मी सूचना लिहिली," त्या म्हणाल्या. "खाली 'आई' असं घालून. मला जरा बोलायचं आहे, फोन करा, एवढीच. थोरल्याने पुसून टाकली." आणि मला आठवलं. होती ती ओळ! भावजींनी मला वर विचारलंही होतं, हे काय मध्येच आलंय, आणि मी म्हटलं होतं, चुकून पडलं असेल. "मग मी ह्यांच्यासारखं लिहिलं," आई म्हणाल्या. "जन्मभर ऐकलंय, तेवढं मला येतं. तासाभरात तिघांचे फोन. तुझ्या ताईने तर किती वर्षांनी मला दुपारचा फोन केला. म्हणाली, आई, अप्पा काय म्हणतायत गं? मी काय म्हणते ते नाही विचारलं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आई, तुम्हाला घर विकायचं नाहीये ना? मी सांगते सगळ्यांना."

आईंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "माझं उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. तुलाही." आणि परत चष्मा लावला. त्यानंतर माझ्या हातचा चहा घेतला आणि परत टॅबकडे वळल्या. आता मी हे कुणाला सांगणार होते? सांगितलं असतं तर टॅब काढून घेतला असता, आणि मग त्या बाईजवळ बोलायला काय राहिलं असतं? मी गप्प बसले. भुताची साथीदार झाले.

रविवारी सगळ्यांची बैठक, व्हिडिओवर. एका चौकोनात भावजी, एकात ताई, एकात वकीलबाई, एकात झालंच-समजा, त्याच्या मागे कुणाचं तरी बांधकाम चाललेलं. इकडे बाहेरच्या खोलीत मी, शेजारी आई. नवरा दोन मिनिटं बसला आणि पाणी पिऊन येतो म्हणून उठला, कठीण प्रसंगी ह्याला नेहमीच तहान लागते. समोर मसुदा उघडा. भावजी म्हणाले, "आज संपवायचं. ती खोलीची ओळ मी पुसतोय, आईची व्यवस्था झालेली आहे, आई तयार आहे. वकीलबाई, रिकामा आणि शांत ताबा, ह्यावर सह्या घेऊन टाका." झालंच-समजा म्हणाला, "झालंच समजा."

आणि निळी रेघ आली.

मी आईंकडे बघितलं. आईंचे दोन्ही हात मांडीवर, रिकामे. टॅब मागच्या खोलीत, चार्जिंगला, मीच लावला होता. माझे हात? माझे हात माझ्या गालांवर होते. कॉम्प्युटरला कुणी बोट लावलेलं नव्हतं. आईंनी माझ्याकडे बघितलं, मी आईंकडे, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला हो, माझ्या भुताला भुताची भीती वाटली! अक्षरं उमटत होती. एकेक. रिकामा आणि शांत ताबा, त्याच्या खाली. "आधी तिला विचारावे."

ताईंनी तोंडावर पदर धरला. वकीलबाईंनी आपला चौकोन बंद करून टाकला, नुसतं नाव राहिलं. मागचं बांधकामसुद्धा थांबलं असं मला वाटलं. आणि भावजी, सगळं माहीत असलेले आमचे भावजी, शाळेत उभं केल्यासारखे ताठ झाले आणि म्हणाले, "आई… तुझं काय म्हणणं आहे?" आणि थांबले. खरंच थांबले. पहिल्यांदा.

कुणी आपल्यासाठी थांबण्याची आईंना सवय नव्हती. त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला. मग म्हणाल्या, "विका."

काय? सगळ्यांचं तोंड उघडं. माझं सगळ्यात मोठं.

"विका की," आई म्हणाल्या. "ह्या घराचं मला काय कौतुक? फरश्या पुसण्यात जन्म गेला आणि जिने चढण्यात गुडघे. डॉक्टरला खुर्ची बसवायची तर बसवू दे. पण मला असं आपापसात वाटून घेऊ नका. मी काय वर्तमानपत्र आहे, आज ह्याच्या दारात, उद्या त्याच्या? माझ्या हिश्श्यातून मला एक खोली घ्या. तळमजल्यावर, बाजाराजवळ. दारावर माझं नाव. जेवायला बोलवाल तर येईन, पण माझ्या किल्लीने कुलूप लावून येईन. रिकामा आणि शांत ताबा तुमचा तो डॉक्टर मागतो, तसा मलाही हवाय. मला कधी मिळालाच नाही."

हे झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. नवरा ओट्याला टेकून उभा, हातात फोन, घामाने निथळलेला. आणि फोनवर काय? अप्पांचा मेल! अप्पांची बिलं भरायला कधीतरी उघडला होता म्हणे, तसाच चालू राहिला. मी म्हटलं, "अरे, तू?" तर म्हणतो, "दादाला तोंडावर कसं सांगू? मला जमत नाही गं. अप्पा म्हणून जमलं." मला त्याचा राग यायला हवा होता, आला पण, आणि त्याच्या आत कुठेतरी हा माणूस मला फार आवडला. पुढे तो म्हणाला, "पण एक कळत नाही. मी 'आधी आईला विचारावे' असं लिहिलं होतं. 'तिला' कसं झालं?" अप्पा आईंना कधी नावाने बोलले नाहीत. ती. तिला. तिचं. मी म्हटलं, फोनला सवय लागते रे शब्दांची. तो म्हणाला, असेल. आम्ही दोघांनी तो विषय तिथेच ठेवला, आणि स्वयंपाकघरातला दिवा मात्र चालू ठेवूनच बाहेर आलो.

घर विकलं गेलं. डॉक्टरला त्याचा रिकामा आणि शांत ताबा मिळाला, आम्हाला भाड्याचं बिऱ्हाड, आईंना त्यांची खोली, दारावर नाव, पितळी. वकीलबाई म्हणाल्या, आता तरी बाईंच्या नावाचा ईमेल काढा. काढला. आईंनी स्वतःच्या नावाने पहिला मेल लिहिला, तिन्ही मुलांना, एका बोटाने, मोठ्या हौसेने. "शनिवारी सामान लावायचे आहे. कोण कोण येणार ते कळवा. तुमची आई."

एक उत्तर नाही. ताईंचा म्हणे जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेला. भावजींनी बघितला, नंतर उत्तर देऊ म्हटलं, राहून गेलं. नवऱ्याचा तर माझ्यासमोर टिंग वाजला, त्याने बघितलं, म्हणाला, आईचा आहे, आणि फोन खिशात.

आईंनी वाट बघितली. मग काही न बोलता टॅब ओढला, अप्पांचा मेल उघडला. "शनिवारी सर्वांनी यावे."

आले हो! ताई पहिल्या गाडीने. भावजी तिकीट काढून, परदेशातून, ज्या माणसाला बापाच्या घराच्या विक्रीला यायची गरज नव्हती तो कपाट सरकवायला आला. मी त्यांना बाजूला घेतलं, म्हटलं, "भावजी, कोण लिहितं ते तुम्हाला ठाऊक आहे ना आता?" म्हणाले, "आहे गं. पण ते नाव दिसलं की उठून उभं राहावंसं वाटतं."

आता मला सांगा, अशा घरात जिवंत माणसाने करायचं काय? आईंचा स्वतःचा ईमेल आहे, त्यावर भाजीच्या दुकानाच्या जाहिराती येतात. मी तरी काय वेगळं करते म्हणा. परवापासून मीही सुरू केलंय, संध्याकाळी नवऱ्याला अप्पांच्या पत्त्यावरून धाडून देते, "येताना दूध आणावे." त्याला पक्कं ठाऊक असतं कुणी धाडलंय. तरी घेऊन येतो, मुकाट. बायको सांगत होती, तेव्हा रोज विसरायचा.